मूळच्या, बाहेरच्या आणि लाडक्या

"हातानं भात खाल्ला म्हणून? मग काय पायानं खायचा का?"

काकूंनी पावट्याची शेंग इतक्या जोरात सोलली की दाणा उडून आमच्या हद्दीत आला. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या दोन घरांमधली कंपाउंडची भिंत छातीएवढी आहे. सूप टेकवायला आणि गप्पा मारायला मापात. २०२६ च्या जानेवारीचा दुसरा आठवडा, रविवारची सकाळ. भोगी दोन दिवसांवर, महापालिकेचं मतदान चार दिवसांवर, आणि गल्लीत घडीघडीला प्रचाराची रिक्षा. रिक्षा आली की आम्ही गप्प, गेली की पुढचं वाक्य.

विषय न्यूयॉर्कच्या नव्या महापौरांचा होता. आपल्या महापालिकेत कोण उभं आहे हे धड माहीत नसताना न्यूयॉर्कचा विषय कसा निघतो, असं कुणी विचारू नये. काकूंची लेक मिशिगनला आहे, डेट्रॉइटजवळ. जावई इथं चाकणला गाड्यांच्या कंपनीत होते, तिथून तिकडच्या गाड्यांच्या कंपनीत गेले. त्यामुळे अमेरिकेची बातमी काकूंना पिंपळे सौदागरच्या बातमीइतकीच जवळची.

मी सांगितलं, हा जोहरान ममदानी म्हणजे सिनेमावाल्या मीरा नायरचा मुलगा. गेल्या जूनमध्ये प्रचारात असताना त्याचा हातानं भात खातानाचा व्हिडिओ फिरला. त्यावर टेक्ससचे खासदार ब्रँडन गिल यांनी लिहिलं, सुसंस्कृत माणसं अमेरिकेत असं जेवत नाहीत, आमच्या रीतीनं राहायचं नसेल तर तिसऱ्या जगात परत जा.

"आणि या गिलसाहेबांचे सासरे कोण, ठाऊक आहे काकू? दिनेश डिसूझा. जन्म मुंबईचा, घराणं गोव्याचं."

"म्हणजे हुमण-भाताचं घर की गं!"

"तर गिलबाईंनी लगेच जाहीर केलं, मी काही हातानं भात खात मोठी झाले नाही, नेहमी काट्यानंच खाते. भारतातले आमचे नातेवाईकसुद्धा काटाच वापरतात."

"गोव्यात काटा ताटात असतो बाई, हातात नाही," काकू म्हणाल्या, आणि ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या काकांनी पेपरमागून दाद दिली.

ममदानीला भातावर सोडलं असतं तर गोष्ट किरकोळ होती. त्याच महिन्यात त्याच्या विरोधातल्या एका प्रचारगटानं तयार केलेल्या पत्रकात त्याची दाढी मूळच्यापेक्षा दाट आणि काळी दिसत होती. गटाचं म्हणणं, ते पत्रक छापून वाटलंच नाही. ऑक्टोबरात विरोधी उमेदवार अँड्र्यू कुओमो यांच्या खात्यावर एआयनं बनवलेली एक फिल्म झळकली. तीत ममदानी हातानं भात खात सुटलाय आणि त्याचे समर्थक म्हणून एकेक गुन्हेगार दाखवलेत, त्यात दुकान लुटणारा एक काळा माणूस. थोड्या वेळानं फिल्म काढून टाकली, चुकून टाकली गेली म्हणे. कुओमो काही ट्रम्पच्या पक्षाचे नव्हेत बरं. आयुष्यभर डेमोक्रॅट, राज्याचे माजी गव्हर्नर. ही भाजी कुठल्या एका दुकानात मिळते असं नाही.

"आणि निवडून आलाच ना तो?"

"नोव्हेंबरात. एक तारखेला शपथ पण झाली."

"मग झालं तर."

झालं तर कसं, असं मी म्हणणार तोच रिक्षा आली. प्रभागात चार जागा, त्यातल्या दोन बायकांच्या, आणि ही रिक्षा त्यातल्या एका बाईंची. तासाभरात चौथ्यांदा आम्ही ऐकलं की या आपल्या लाडक्या वहिनी आहेत, अमुकदादांच्या पाठीशी खंबीर उभ्या राहिलेल्या अर्धांगिनी आहेत, दोन्ही घरची लाज राखणारी लेक आणि सून आहेत. त्या काय शिकल्यात, काय करतात, ड्रेनेजबद्दल त्यांचं मत काय, हे रिक्षाला सांगायचं नव्हतं.

काकूंनी सुपाखालून पत्रक काढलं. सगळ्यांत मोठा फोटो दादांचा. त्यानंतर पक्षाच्या नेत्यांचे. मग वहिनींचा, नथ आणि डोक्यावर पदर घेऊन, हात जोडलेला. नावापुढे 'सौ.' आणि आडनावं दोन.

"दोन कशाला गं? मला वाटलं आजकालची फॅशन."

"फॅशन नाही, भावकी. माहेरची भावकी पण याच प्रभागात आहे. एका आडनावात एक वाडी, दोन आडनावांत दोन."

काकू हसल्या, पण हिशेब पक्का आहे हे त्यांनाही माहीत. अमेरिकेत मात्र हाच हिशेब अंगावर आला. कमला हॅरिसची आई चेन्नईची, वडील जमैकाचे. २०२४ च्या जुलैअखेर शिकागोत काळ्या पत्रकारांच्या संमेलनात ट्रम्प म्हणाले की ही तर कायम भारतीय म्हणवत होती, आता एकदम काळी झाली. जणू एका माणसाला एकच रकाना भरायची परवानगी. आपल्या वहिनींना दोन भावक्या चालतात, हॅरिसबाईंची दोन मुळं चालेनात.

"तिला मुलं नाहीत म्हणून पण काहीतरी बोलले होते ना? लेक सांगत होती. मांजरांचं काहीतरी."

मांजरांचं असं. जे. डी. व्हान्स उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाल्यावर त्यांचं २०२१ मधलं बोलणं लोकांनी उकरून काढलं. देश चालवतायत कोण, तर मूलबाळ नसलेल्या, मांजरं पाळणाऱ्या बायका, आणि त्यात हॅरिसचं नाव. तिला नवऱ्याची पहिल्या लग्नाची दोन मुलं आहेत आणि ती मुलं तिला मायेनं हाक मारतात, हे बाजूला राहिलं. दोनच महिन्यांत ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावात हैतीचे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात अशी अफवा उठली. व्हान्स यांनी ती पसरवली आणि १० सप्टेंबरच्या वादसभेत ट्रम्प यांनी ती साऱ्या देशाला ऐकवली.

"म्हणजे मांजरं पाळली तरी वाईट आणि खाल्ली तरी वाईट!"

"खाल्लीच नव्हती काकू. गावच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, असा एकही खात्रीलायक प्रकार नाही. पण शाळांना बॉम्बच्या धमक्या आल्या, पोरांना घरी पाठवायला लागलं."

स्प्रिंगफील्डची गोष्ट मला चाकणमुळे समजते. ते गावही कारखान्यांचं. कारखाने ओस पडले, तरुण निघून गेले, मग नवी कामं आली तेव्हा हातच नव्हते. हैतीचे लोक आले, बहुतेक कायदेशीर परवानगीनं आले, कामावर लागले. मग दवाखान्यात रांगा वाढल्या, घरभाडी वाढली. ही अडचण खरी होती. पण घरभाड्यावर भाषण करून टाळ्या मिळत नाहीत, मांजरावर मिळतात.

आमच्या गल्लीतलं मांजर म्हणजे पाण्याची टाकी. ते पुढं सांगते.

काकू पहिल्यांदा इथं आल्या १९७४ ला, कराडहून. काका टेल्कोत लागले तेव्हा. प्राधिकरण स्थापन होऊन दोनच वर्षं झाली होती, प्लॉट पडायचे होते. त्या सुरुवातीला भोसरीत भाड्यानं राहिल्या आणि पाण्याच्या नळावर त्यांना 'कंपनीवाल्या' म्हणायचे. कंपनीवाल्या म्हणजे पैसेवाल्या, उद्धट, गावचे देव न मानणाऱ्या. काकूंनी दोन वर्षांत भैरवनाथाला नारळ फोडून फोडून ते नाव पुसलं, असं त्यांचं म्हणणं.

तरी गाववाल्यांची बाजू मी कधी कधी काकूंना ऐकवते. जमिनी त्यांच्या गेल्या. प्राधिकरणानं घेतल्या, त्यावर आपले बंगले उभे राहिले, आणि साडेबारा टक्के परताव्यासाठी त्यांची अख्खी पिढी हेलपाटे घालत म्हातारी झाली. त्यामुळे 'आम्ही मूळचे' हा शब्द भोसरीच्या किंवा चिखलीच्या तोंडून आला की त्यात नुसता माज नसतो. प्रचारात तो शब्द आला की मात्र परतावा मागं पडतो आणि माजच उरतो. मग गावकी-भावकीच्या बैठका, बैलगाडा, जत्रेची वर्गणी. दुसऱ्या बाजूला बाहेरच्यांचे मेळावे: खान्देशवाल्यांचा वेगळा, विदर्भाचा वेगळा, मराठवाड्याचा वेगळा, कोकणवासीयांचा वेगळा. पिंपरी कॅम्पात सिंधी बांधव. मोशीच्या इंद्रायणी घाटावर छठपूजा. तिथं जो उमेदवार हात जोडून उभा, तोच दुसऱ्या दिवशी चौकात भूमिपुत्रांवरच्या अन्यायाबद्दल घसा कोरडा करतो. मतदारयादी आडनावांनुसार आणि मूळ जिल्ह्यानुसार लावून देणारी पोरं हल्ली लॅपटॉप घेऊन बसतात. लिंबं निवडावीत तशी माणसं निवडली जातात.

"ते बारामतीचं आठवतं का गं? मूळ पवार आणि बाहेरून आलेले पवार?"

आठवत कसं नाही! २०२४ चा एप्रिल. या भिंतीवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. अजित पवार म्हणाले, आता सुनेला, म्हणजे सुनेत्रा पवारांना मत द्या. त्यावर शरद पवारांनी मूळ आणि बाहेरून आलेले असा फरक सांगितला. पत्रकारांनी विचारलं तेव्हा सुनेत्राताईंचे डोळे भरून आले. नंतर बोलण्याचा विपर्यास झाला असा खुलासाही आला. बायकांसाठी महाराष्ट्रानं पहिलं धोरण केलं ते १९९४ साली, याच शरद पवारांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. म्हणून तर ते वाक्य आम्हाला जास्त लागलं.

"मी घरात आल्याला बावन्न वर्षं झाली," काकू तेव्हाही म्हणाल्या होत्या आणि आताही म्हणाल्या, म्हणजे आकडा बदलायला हवा होता, पण मी बोलले नाही. "अजून नणंद आली की मी बाहेरची."

आणि गंमत बघा, ज्या 'मूळच्या' त्यांचं आडनाव सुळे आणि ज्या 'बाहेरच्या' त्यांचं पवार. शरद पवारांच्या लेक सुप्रियाताई दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या. त्याला कारणं शंभर होती, पण भिंतीवर आम्ही फक्त सासर-माहेर चघळलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

त्याच वर्षी विधानसभेला मुंबादेवीत शायना एन. सी. उभ्या राहिल्या. खासदार अरविंद सावंत बोलून गेले की इथं इंपोर्टेड माल चालत नाही, ओरिजिनल चालतो. गुन्हा दाखल झाला, मग दिलगिरी. त्याच्या आठवडाभर आधी संगमनेर तालुक्यात धांदरफळला सुजय विखेंच्या सभेत वसंतराव देशमुखांनी जयश्री थोरातांबद्दल जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाड्या जळाल्या, देशमुखांना अटक झाली. एक या आघाडीचा, एक त्या युतीचा. म्हणजे समसमान.

पण मला अशा बोलण्याची तितकीशी चिंता वाटत नाही, आणि काकूंशी माझा वाद तिथंच होतो. काकू म्हणतात शिवी ती शिवी, थोबाडीत द्यावी. मी म्हणते, शिवी निदान दिसते. तिच्यावर तक्रार होते, महिला आयोग नोटीस काढतो, चॅनेलवाले दिवसभर दळतात. ओवाळणीवर तक्रार कुठं करायची?

"ओवाळणीत काय वाईट?"

"तुम्हाला डिसेंबरात काशीला कुणी नेलं?"

काकूंनी शेंगा चाचपल्या. गेल्या सहा महिन्यांत इच्छुकांनी प्रभागातल्या बायकांना कुठं कुठं नेलं नाही! अष्टविनायक, उज्जैन, काशी. नवरात्रात खेळ पैठणीचा, तळ्यात-मळ्यात करून प्रेशर कुकर. आता संक्रांत, म्हणजे हळदीकुंकू. पुरुषांना काय, तर क्रिकेटचे सामने आणि रात्री काय ते. बाई म्हणजे देव, साडी आणि कुकर. पुरुष म्हणजे बॅट आणि बाटली. मतदार म्हणून आम्हाला ड्रेनेज कळत नाही, रस्ता कळत नाही, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास जाणाऱ्या माझ्यासारखीलाही फक्त पैठणी कळते असं धरून चाललेलं असतं. वर प्रेमानं. माझ्या मते ही त्या दाढी काळी करण्याचीच सभ्य बहीण आहे.

"आणि पंधराशे?"

लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १५०० रुपये. आमच्याकडं काम करणाऱ्या मावशींना मिळतात आणि त्यांना त्याचा किती आधार आहे ते मी बघते. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या नावचं पहिलं पासबुक मला दाखवलं होतं. पैशाला मी नावं ठेवत नाही. पण पुढं बघा, सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं तेव्हा बहिणीबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला. नवरा नाही, वडील नाहीत, अशा बायकांची पळापळ झाली. सरकारची बहीण, पण ओळख पटवायला दाल्ला लागतो, असं मावशी म्हणाल्या. त्या लातूरकडच्या, बोलतात मोकळ्या. आणि आता डिसेंबर-जानेवारीचे हप्ते संक्रांतीला एकदम मिळणार म्हणून हवा झाली, तर निवडणूक आयोगानं जानेवारीचा आगाऊ द्यायचा नाही म्हणून सांगितलं. भावाला ओवाळायचं तबक आचारसंहितेत अडकलं.

पुन्हा रिक्षा. या वेळी दुसऱ्या पॅनेलची. त्यांच्या बाई रणरागिणी आहेत.

"एक तर अर्धांगिनी, नाहीतर रणरागिणी," काकू म्हणाल्या. "साधी बाई कुणी उभी राहतच नाही का गं?"

साध्या बायका उभ्या राहिल्यात की. पिंपरी-चिंचवडला महिला महापौर काही नव्या नाहीत. मंगला कदम, अपर्णा डोके, वैशाली घोडेकर, मोहिनी लांडे, शकुंतला धराडे, आणि २०२२ च्या मार्चमध्ये प्रशासक आला तेव्हा उषा ढोरे, ज्यांना सगळं शहर माई म्हणतं. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या, म्हणजे १२८ पैकी ६४. कायद्यानं दार उघडलं ते इथवर. विधानसभेत आरक्षण नाही, तर २०२४ ला २८८ मध्ये बायका निवडून आल्या २१. आणि मुख्यमंत्रिपदी आजवर एकही नाही.

चिंचवडचंच बघा. लक्ष्मण जगताप जानेवारी २०२३ मध्ये गेले. पोटनिवडणुकीत पत्नी अश्विनी जगताप उभ्या राहिल्या, छत्तीस हजारांच्या आसपास मताधिक्यानं आल्या. पावणेदोन वर्षांनी सार्वत्रिक निवडणुकीला उमेदवारी दीर शंकर जगताप यांना. घरातला निर्णय त्यांचा, आपण कोण बोलणार? पण त्या पोटनिवडणुकीत गल्लीत आम्ही बायकाच म्हणत होतो की भाऊंच्या बायकोला मत म्हणजे भाऊंना श्रद्धांजली. बाई काय करतील, काय बोलतील, हे आम्हीही विचारलं नाही. विधवा म्हणून मत दिलं आणि आमदार म्हणून हिशेब मागायचा राहून गेला.

काका एवढ्यात पेपर घडी करून भिंतीपाशी आले. त्यांना राजकारणातलं कळतं असा त्यांचा समज आहे. म्हणाले, "अमेरिकेत निदान बाईला काय येतं ते विचारतात तरी."

"हो, विचारतात," मी म्हटलं. "१९८४ ला जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाला उभी राहिली. मोठ्या पक्षाकडून पहिली बाई. मिसिसिपीत प्रचाराला गेली तर तिथल्या शेतीखात्याच्या प्रमुखांनी विचारलं, तुम्हाला ब्लूबेरी मफिन करता येतात का?"

"मग?"

"ती म्हणाली, येतात की, तुम्हाला येतात का? तर म्हणे, आमच्याकडं पुरुष स्वयंपाक करत नाहीत."

काकूंनी काकांकडं असं पाहिलं की मला वाटलं आता मिसिसिपी राहू दे. पण त्यांनी चंद्रकांत पाटलांना काढलं. मे २०२२, ओबीसी आरक्षणाचा वाद, आणि पाटील सुप्रिया सुळेंना म्हणाले, राजकारण कळत नसेल तर घरी जा, स्वयंपाक करा. नंतर महिला आयोगाकडं खेद व्यक्त केला, ग्रामीण बोलण्याची पद्धत म्हणाले. मिसिसिपीचे साहेबही तिकडचे ग्रामीणच म्हणायचे. जगभरच्या पुरुषांना बाई व्यासपीठावर चढली की भूक कशी लागते, हा अभ्यासाचा विषय आहे.

काका चहा टाकतो म्हणून आत गेले.

"तुझ्या त्या ठाणेदारांचं काय झालं?" काकूंनी विचारलं. श्री ठाणेदार माझे कुणी नाहीत, पण बेळगाव भागातला मराठी माणूस डेट्रॉइटमधून अमेरिकेच्या संसदेत गेला म्हटल्यावर २०२२ ला मीच या भिंतीवर पेढे ठेवले होते. चिक्कोडीचा जन्म, १९७९ ला शिकायला तिकडं गेले, कंपनी काढली, बुडाली, पुन्हा उभी केली. 'ही श्रीची इच्छा' काकूंकडं आहे, माझीच प्रत, परत यायची आहे. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाला उभे राहून पक्षातच तिसरे आले, मग २०२० ला राज्याच्या सभागृहात, २०२२ ला काँग्रेसमध्ये.

पेढे वाटले तेव्हा काकूंच्या लेकीनं फोनवर जरा पाणी टाकलं होतं. डेट्रॉइट शहरात शंभरात पंचाहत्तरच्या वर माणसं काळी. १९५५ पासून तिथून दिल्लीत, म्हणजे वॉशिंग्टनला, एक ना एक काळा खासदार जायचाच. त्या वेळी पक्षांतर्गत निवडणुकीत नऊ जण उभे होते, त्यात बहुतेक काळे, मतं फुटली, आणि स्वतःचा पैसा ओतलेले ठाणेदार सव्वीस-अठ्ठावीस टक्क्यांत निघाले. तिथल्या लोकांना वाईट वाटलं. पैसेवाला, शेजारच्या गावातून राहायला आलेला, बाहेरचा.

"म्हणजे आपला श्री तिकडं बाहेरचा," काकू म्हणाल्या.

"आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी आत घेतलं नाही ते मूळचे. त्यांचं दुखणं आणि हॅरिसला काळी की भारतीय विचारणाऱ्यांचं दुखणं एका मापानं मोजता येत नाही."

काकूंना हे फारसं पटलं नाही. त्यांच्या मते माणूस चांगला असला की झालं. मला मात्र परताव्याचे हेलपाटे घालणारे भोसरीचे म्हातारे आठवत होते. आपण जिथं थोडे तिथं रडतो आणि जिथं जास्त तिथं ढकलतो. साठच्या दशकात 'मार्मिक'मध्ये 'वाचा आणि थंड बसा' म्हणून मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दक्षिणी साहेबांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या. काका त्या चवीनं वाचत. आणि २०२४ च्या सप्टेंबरात लॉरा लूमर नावाच्या ट्रम्पसमर्थक बाईनं लिहिलं की हॅरिस जिंकली तर व्हाइट हाउसला करीचा वास येईल, तेव्हा हेच काका रात्री अकराला लेकीला फोन करून विचारत होते की तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी काही बोललं तर नाही ना?

चहा येईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली. पदयात्रा. अर्धांगिनी स्वतः आल्या होत्या, पुढे दादा. दादांनी काकूंच्या पाया पडून सुरुवात केली, काकी आशीर्वाद असू द्या, तुमची सून समजा. काकूंनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "सून बोलते का?"

दादा हसले. मागची चार पोरंही हसली. काकू हसल्या नाहीत.

"दिवसाआड पाणी २०१९ च्या नोव्हेंबरपासून आहे. सहा वर्षं झाली. रोज कधी येणार ते यांनी सांगावं, तुम्ही नको."

आणि बाईंनी सांगितलं. आधी दादांकडं पाहिलं, मग पदर जरा मागं सारून धडाधड. पवनेतून रावेतला किती उचलता येतं, आंद्राचं पाणी निघोज्याहून चिखलीच्या केंद्रात कसं येतं, भामा-आसखेडचं अजून का आलं नाही, पवनेची बंद जलवाहिनी २०११ च्या ऑगस्टला मावळात गोळीबारात तीन शेतकरी गेले तेव्हापासून कशी अडकून पडली. आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कोपऱ्यावरच्या डीपीमागं आहे आणि तो अर्धाच उघडतात, हेही त्यांना ठाऊक होतं. दादांना ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसलं. मला वाटलं, या बाईंच्या पत्रकावर यातली एक ओळ का नाही?

"आणि खरं सांगू का काकी," बाई शेवटी म्हणाल्या, "पाणी पुरणार कसं? बाहेरून लोंढे येतायत नुसते. एकेका खोलीत आठ-आठ जण. आपल्या वाट्याचं पाणी तेच पितात."

काकूंनी मान डोलावली. मीही डोलावली, कारण पाण्याचं बाकी सगळं त्या बरोबर बोलल्या होत्या. हलगी पुढच्या घरापाशी गेली.

"बाई हुशार आहे," काकू म्हणाल्या. "नवऱ्यापेक्षा हुशार आहे."

"लोंढे म्हणाल्या की."

"म्हणाली खरं."

"तुम्ही चौऱ्याहत्तरला आलात तेव्हा नळावर हेच म्हणायचे ना?"

"आम्ही लोंढा नव्हतो गं. ह्यांना पर्मनंट लेटर होतं."

काकूंच्या गच्चीवरच्या खोलीत दोन मुलं राहतात, बिहारमधल्या सिवानकडची, चाकणला ठेकेदाराकडं कामाला. खोली देताना काकूंनी आधी नाही म्हटलं होतं. ते लोक थुंकतात, ते लोक रात्री गाणी लावतात. मग भाडं ऐकून हो म्हटलं. त्यातला धाकटा रात्रपाळी करून झोपलेला, हलगीनं उठून जिन्यात आला. डोळे चोळत म्हणाला, "आंटी, आज पानी आएगा?"

"आज नही, कल. टाकी भर के रखना." आणि काकूंना एकदम काहीतरी सुचलं. "तुम्हारा व्होट किधर है रे?"

"गाँव में, आंटी. छठ पे गए थे, नवंबर में डाल के आए."

"इधर नही?"

"नहीं."

"तरीच," काकू माझ्याकडं वळून म्हणाल्या, आणि टाकीत किती पाणी उरलंय ते बघायला जिना चढू लागल्या.